खोकल्याआधीचे बेचाळीस सेकंद

खोकं सोमवारी आलं आणि डॉ. मकरंद हुद्दारांनी ते गुरुवारपर्यंत उघडलं नाही.

गडहिंग्लजच्या त्यांच्या नेत्रालयात, तपासणीच्या खोलीत, अक्षरांच्या तक्त्याखाली ते पडून होतं. आत काय आहे हे त्यांना ठाऊक होतं. बारदेस्कर सिस्टरनाही ठाऊक होतं. फिलोमिना बारदेस्कर मूळच्या आजऱ्याच्या. बावीस वर्षं त्या हुद्दारांच्या शेजारी ऑपरेशन थिएटरात उभ्या राहत आल्या होत्या. येता-जाता त्या खोक्याकडे बघायच्या आणि सरांकडे बघायचं टाळायच्या.

गुरुवारी शेवटचा पेशंट गेल्यावर त्याच कात्री घेऊन आल्या. "सर, फोडते आता. आतल्या बॅटरीला चार्जिंग लागेल."

"फोडा ना. मी कुठं नको म्हटलंय?" हुद्दार म्हणाले, आणि आपला आवाज उगाच चढला हे त्यांचं त्यांनाच जाणवलं.

दाढीच्या आरशाएवढं एक यंत्र निघालं. सोबत पत्र होतं. 'स्फुरण' भिंगाची जन्मनोंद आता प्रत्येक नेत्रालयात वाचता येईल, एक जानेवारीपासून हे भिंग डोळ्यात असलेल्या प्रत्येकाला तसा संदेश जाईल, आणि त्याने मागितल्यास नोंद त्याच्या भाषेत दाखवणं डॉक्टरांवर बंधनकारक राहील, असा मजकूर. हुद्दारांनी तो दोनदा वाचला. बाहेर नोव्हेंबरची दुपार होती. एक जानेवारीला सात आठवडे होते.

सहा वर्षांपूर्वी स्फुरण आलं तेव्हा नेत्रतज्ज्ञांमध्ये लग्नघरासारखी धांदल उडाली होती. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं मूळचं भिंग गढूळ होणं. ऑपरेशनमध्ये ते गढूळ भिंग फोडून शोषून घेतात आणि ते ज्या पातळ पिशवीत असतं त्याच पिशवीत कृत्रिम भिंग बसवतात. जुनी कृत्रिम भिंगं बसवली तशी मुकाट बसून राहत. लांबचं दिसलं तर वाचायला चष्मा लागे. स्फुरण तसं नव्हतं. त्याच्या कडेनं एक अतिशय बारीक कडं होतं आणि त्या कड्यात आठ संवेदक. जवळचं-लांबचं बघताना डोळ्यातले स्नायू पिशवीला ओढतात किंवा सैल सोडतात. ती ओढ हे संवेदक मोजत आणि भिंग त्याप्रमाणे फुगे किंवा चपटं होई. लागेल तेवढी वीज पापण्यांच्या उघडझापीतून मिळे. सत्तरीच्या माणसाला पंचविशीतली नजर, असं हुद्दार तेव्हा प्रत्येक पेशंटला सांगत, आणि ते खरंही होतं.

पण कुठली ओढ म्हणजे काय, हे भिंगाला आधी शिकावं लागे. म्हणून डोळ्यात उलगडल्या क्षणापासून पहिली दहा मिनिटं ते प्रत्येक संवेदकावरचा ताण सेकंदाला शंभर वेळा टिपे आणि कायमचा जपून ठेवी. पुढची सगळी मोजमापं त्या दहा मिनिटांशी ताडून बघायची. हीच जन्मनोंद. आजवर ती फक्त कारखान्यात वाचता येई. भिंग बसत असताना सर्जनचा हात कसा चालला हेही त्या नोंदीत आपोआप उतरलं होतं, ही गोष्ट लोकांच्या लक्षात फार उशिरा आली.

हुद्दारांनी अशी सहाशेच्या वर भिंगं बसवली होती. पत्र वाचताना त्यांना एकच आठवलं. केरबा चौगले.

केरबा हिरण्यकेशीच्या काठावरच्या एका गावातला गुळव्या. गुऱ्हाळावर उसाचा रस काहिलीत उकळत असतो. तो चुलीवरून नेमका कधी उतरवायचा हे जो ठरवतो तो गुळव्या. क्षणभर आधी उतरवला तर गूळ धरत नाही, क्षणभर उशीर झाला तर करपतो. केरबा बुडबुड्यांचा आकार आणि फेसाचा रंग बघून हात वर करायचा, आणि त्याचा हात वर झाला की चौघं जण धावून काहील उचलायचे. त्याचा डावा डोळा लहानपणी उसाचं पातं लागून अधू झालेला. सगळी भिस्त उजव्यावर. त्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला, म्हणून तो चार वर्षांपूर्वी हुद्दारांकडे आला होता.

त्या दिवशी दुपारी हुद्दारांचा कोल्हापुरात सत्कार होता. जिल्ह्यात सर्वांत जास्त स्फुरण भिंगं बसवल्याबद्दल. केरबा त्या सकाळचा अकरावा आणि शेवटचा. मोतीबिंदू व्यवस्थित निघाला. मग घडी घातलेलं भिंग नळीतून आत सोडायचं होतं. ते सावकाश उलगडू द्यावं लागतं, आणि हुद्दारांनी नळीचा दांडा रेटला. पिशवीची मागची भिंत केसाच्या जाडीच्या पंधराव्या हिश्शाइतकीही जाड नसते. ती गेली. असं काही झालं की ते हाताला आधी कळतं आणि डोळ्याला नंतर.

अशा वेळी काय करायचं हे शिकाऊ डॉक्टरलाही माहीत असतं. थांबायचं, भिंग बाहेर काढायचं, फाटीतून पुढे आलेला डोळ्यातला चिकट द्राव साफ करायचा, दुसऱ्या प्रकारचं भिंग बसवायचं किंवा पुढच्या आठवड्यावर टाकायचं. तास-दीड तास जातो, पण डोळा वाचतो. बारदेस्कर सिस्टरनी दुसरा ट्रे ओढलासुद्धा होता. "सर, काढायचं ना?"

"नको. बसेल," हुद्दार म्हणाले होते. त्यांनी भिंग थोडं फिरवलं, टेकवलं.

आणि तेवढ्यात केरबा खोकला. हुद्दारांना वाट सापडली.

"काय केलंत हे, केरबा! हलू नका म्हणून सांगितलं होतं ना?"

बाहेर केरबाचा मुलगा उभा होता. त्याला ते म्हणाले, "मी माझ्याकडून सगळं नीट केलं. ऐन वेळी खोकले हे. आतली पिशवी फाटली." केरबानं डोळ्यावर पट्टी असतानाच हात जोडले. "चुकलं, सायेब." आणि हुद्दारांनी त्याच्या खांद्यावर थोपटून त्याला माफ केलं होतं.

ते थोपटणं आता त्यांच्या हाताला आठवलं.

केरबाचं भिंग तिरकं बसलं. एकाची दोन चित्रं, दिव्याभोवती कडी, रंग फिके. पुढच्या हंगामात त्याच्या हातून दोन काहिली करपल्या आणि गुऱ्हाळाच्या मालकानं गोडीगुलाबीनं त्याला बाजूला बसवलं. डोळा तपासून घ्यायला आला तेव्हा हुद्दारांनी सांगितलं, "आता हात लावला तर आहे तेही जाईल." तो दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ नये म्हणूनच ते तसं बोलले होते.

शुक्रवारी सकाळी हुद्दारांनी केरबाला स्वतः फोन लावला. नवी पद्धत आली आहे, तिरकं भिंग काढून दुसरं टाक्यानं पक्कं बसवता येईल, तुम्हाला एका पैशाचा खर्च नाही, असं ते सांगत गेले. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. भिंग बदलणं केरबाच्या भल्याचंच होतं. चार वर्षांपूर्वीही होतं. फक्त चार वर्षं पिशवीला चिकटलेलं भिंग सबंध निघत नाही. आतल्या आत कापून तुकड्यांनी काढावं लागतं. कडं कापलं की नोंद गेली.

"माझ्यासाटनं फोन केलासा, सायेब?" पलीकडून केरबा म्हणाला. "लई उपकार झालं."

हुद्दारांनी तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. सिस्टर दारात उभ्या होत्या.

"भिंग काढण्याआधी जन्मनोंद वाचून ठेवायची, असं पत्रात आहे, सर."

"कापूनच काढायचंय ते. कशाला हवी नोंद?"

"म्हणूनच म्हणते."

हुद्दार फाईल चाळत राहिले. सिस्टर निघून गेल्या.

ऑपरेशनच्या दिवशी केरबा बायकोला घेऊन आला. हौसाबाई त्याचा दंड धरून चालत होती. हुद्दारांना वाटलं, ती त्याला आधार देतेय. मग ती बाकावर बसताना चाचपडली आणि तिनं त्यांच्याकडे वळून नमस्कार केला, तो त्यांच्या डाव्या हाताच्या रिकाम्या खुर्चीला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकून पांढरा झालेला होता. एवढा पिकलेला मोतीबिंदू हल्ली बघायलाही मिळत नसे.

"ह्यांचं ऑपरेशन का नाही केलं?" हुद्दारांनी विचारलं.

"तिला दमा हाय न्हवं," केरबा म्हणाला. "सारखी खोकती. म्हणली, तुमचं एकदा खोकून असं झालं, माझं काय हुईल? लई सांगितलं पोरांनी. ऐकंना."

हुद्दारांनी आत जाऊन हात धुवायला घेतले. दमेकऱ्यांची ऑपरेशनं ते दर आठवड्याला करत. पाच मिनिटं हात धुवायचे असतात. त्यांनी बराच वेळ धुतले.

थिएटरात केरबा टेबलावर निजला होता. डोळ्यात भूल देणारे थेंब घालून झाले होते. त्याच्या उशाशी त्यानं घरून आणलेला पंचा होता.

"सायेब, ह्येनं डोस्कं बांधा माझं. टेबलाला आवळून बांधा. हात बी बांधा."

"गरज नाही, केरबा."

"आता खोकायचो न्हाई मी. तुमचा फोन आल्यापास्नं रोज सराव केलाय. खाटंवर उताणं पडायचं, कपाळावर हरभऱ्याचा दाणा ठिवायचा, आन् अर्धा तास हलायचं न्हाई. हौसा बसायची शेजारी. तिला दिसत न्हाई, मग बोटानं चाचपून बघायची दाणा हाय का पडला. पैल्यांदा पडला चार-पाचदा. गेलं आठ दिस एकदाबी न्हाई." तो थांबला. "बिडी तर त्याच साली सोडली. येळ निघून गेल्यावर."

हुद्दारांनी सूक्ष्मदर्शक ओढून घेतला आणि दिवा लावला. गोल उजेडात केरबाचा डोळा मोठा होऊन समोर आला. आत भिंग एका बाजूला कललेलं, आणि त्याच्या कडेनं ते कडं, सोन्याच्या धाग्यासारखं चमकत होतं. सिस्टरनी चाकू पुढे केला. हुद्दारांनी हात पुढे केला नाही. केरबा इतका निश्चल पडला होता की त्याची छातीही हलताना दिसत नव्हती.

"केरबा," ते म्हणाले. "तुमच्या खोकल्यानं काही झालं नव्हतं."

केरबाच्या अंगावरचं कापडही हललं नाही.

"पिशवी त्याच्या आधीच फाटली होती. माझ्या हातून. मी घाई केली. तुम्ही नंतर खोकलात, आणि मी ते तुमच्यावर ढकललं."

मग कापडाखालून अगदी हळू आवाज आला. "हलू का, सायेब?"

"हला. उठून बसा."

केरबा उठून बसला. हिरव्या कापडाची खोळ गळ्यात अडकलेली, पाय टेबलाखाली लोंबकळत. सिस्टरनी कापड सोडवलं. सोडवता सोडवता त्या म्हणाल्या, "मीपण इथंच होते, केरबा. मी बघितलं होतं. मीही बोलले नाही." त्यांच्या ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात, धुतलेल्या रुमालाखाली, नोंद वाचायचं ते यंत्र होतं. कुणी न सांगता त्यांनी ते आत आणून ठेवलं होतं.

यंत्र डोळ्यासमोर धरलं. पडद्यावर आठ हिरव्या रेघा उमटल्या, शेजारी-शेजारी, संथ. नवव्या सेकंदाला त्यातल्या तीन तुटल्यासारख्या खाली पडल्या आणि सपाट झाल्या. उरलेल्या पाच चालत राहिल्या. एक्कावन्नाव्या सेकंदाला त्या पाचही एकदम उसळल्या.

"ही पिशवी गेली," हुद्दारांनी बोट ठेवलं. "आणि हा तुमचा खोकला."

"मधी किती?"

"बेचाळीस सेकंद," सिस्टर म्हणाल्या.

"म्हंजे किती?"

सिस्टरनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "आता सुरू," त्या म्हणाल्या, आणि तिघंही गप्प बसले. काटा टकटक करत सरकू लागला. दहा सेकंद झाले तेव्हाच हुद्दारांना वाटलं, झालं असेल. वीस झाले. एवढ्या वेळात भिंग परत बाहेर ओढता आलं असतं. तीस. कोल्हापूरला फोन करा, मी येत नाही म्हणून सांगा, एवढं म्हणून संपलं असतं. काटा सरकतच होता. कुणाच्या तरी बुटाचा आवाज बाहेर आला आणि विरला.

"झाले," सिस्टर म्हणाल्या.

"लई येळ हुता की, सायेब," केरबा म्हणाला.

त्यानं शिवी दिली असती तर हुद्दारांना बरं वाटलं असतं. तो नुसता आपल्या पंचाची घडी घालत बसला. घडी नीट जुळेना, तरी घालत राहिला.

"हे मला सांगून भागायचं न्हाई," शेवटी तो म्हणाला. "ती भाईर बसलीया. तिला सांगा. आन् गुऱ्हाळावर येऊन सांगा. तितं माझ्या पोराला सगळ्यांनी ऐकवलंय, तुझ्या बाला दोन मिन्टं दम धरवला न्हाई."

हौसाबाईला सांगताना हुद्दार तिच्यासमोर उभे होते. ती आवाजाच्या दिशेनं मान करून ऐकत होती आणि मधे मधे खोकत होती. खोकला आला की पदर तोंडाशी धरून घाईघाईनं दाबायची, जणू काही चोरी होती. त्यांचं बोलणं संपल्यावर तिनं हातानं चाचपून नवऱ्याचा गुडघा शोधला.

"मग चार वरसं मी कुणाला बोलत हुते?" ती म्हणाली.

"असूंदे," केरबा म्हणाला.

"कसं असूंदे? जेवताना बोलले. पावन्यांच्या म्होरं बोलले." तिनं मान वळवली. या वेळी ती बरोबर हुद्दारांकडे वळली. "त्यांनी एका शब्दानं उलट उत्तर दिलं न्हाई वो. चुकलं म्हणायचं, आन् गप बसायचं."

प्रतीक्षागृहात आणखी सात-आठ पेशंट होते आणि सगळे ऐकत होते.

त्या दिवशी ऑपरेशन झालं नाही. "तुमच्या हातनं नको," केरबा म्हणाला, आणि ते रास्तच होतं. हुद्दारांनी मिरजेच्या एका तरुण सर्जन बाईंना चिठ्ठी दिली, सोबत नोंदीची प्रत. दुसरी प्रत त्यांनी स्वतःविरुद्धच्या तक्रारीला जोडून वैद्यकीय परिषदेकडे धाडली. ती पाठवताना आपण काही मोठं करतोय असा एक सुखद विचार मनात डोकावला आणि त्याचीही त्यांना लाज वाटली. नोंद एक जानेवारीला उघड होणारच होती. फोन त्यांनी कशासाठी केला होता हे त्यांनी केरबाला कधीच सांगितलं नव्हतं. ते त्यांनी तक्रारीच्या शेवटी, हातानं, एका ओळीत लिहिलं. परिषदेनं दीड वर्ष त्यांना चाकू हातात धरायला मनाई केली.

मिरजेत केरबाचं भिंग बदललं. एकाची दोन चित्रं दिसायची थांबली. पण तिरक्या भिंगानं आणि उपचाराविना राहिलेल्या सुजेनं डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग खराब झाला होता, आणि रंगाची सूक्ष्म पारख तिथेच असते. त्या बाईंनी फोनवर सांगितलं, "सर, पहिल्या महिन्यात आले असते तर..." आणि पुढचं वाक्य सभ्यपणानं सोडून दिलं. जानेवारीत हौसाबाईच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. टेबलावर ती दोनदा खोकली. बाईंनी हात थांबवला, खोकला जाऊ दिला, पुन्हा सुरू केलं. काहीही झालं नाही.

गुऱ्हाळावर जायला हुद्दारांनी तीन महिने लावले. आज परिषदेचं पत्र यायचंय, आज गाडी दुरुस्तीला आहे, अशी कारणं त्यांना रोज सापडत. एकदा ते नदीच्या पुलापर्यंत जाऊन परत आले. फेब्रुवारीच्या अखेरीस, हंगाम संपत आला असताना, बारदेस्कर सिस्टर एवढंच म्हणाल्या, "सर, पुढच्या आठवड्यात चूल विझेल तिथली." त्या दिवशी ते गेले.

सकाळचे अकरा वाजले होते. काहिलीत रस उकळत होता आणि गोड, जड वाफ अंगावर येत होती. काहिलीशी दुसराच एक गुळव्या उभा होता. केरबा मागे चुलीत उसाची वाळली चिपाडं सारत होता. त्या कामाला नजर लागत नाही. त्याचा मुलगा, मालक, सात-आठ गडी, सगळे हुद्दारांना बघून थांबले. कुणीतरी खुर्ची आणली. ते बसले नाहीत. घरून त्यांनी वाक्यं जुळवून आणली होती, ती तिथं एकही आठवली नाहीत. "केरबांच्या डोळ्याचं जे झालं ते माझ्या हातून झालं," ते म्हणाले. "त्यांचा खोकला नंतरचा. मी खोटं बोललो." एवढंच निघालं. मालकानं मान खाली घातली. केरबाचा मुलगा काही क्षण त्यांच्याकडे रोखून बघत राहिला, मग कामाला लागला. नव्या गुळव्यानं हात वर केला, गडी धावले, काहील उचलली गेली. गूळ कुणासाठी थांबत नाही.

केरबानं चुलीपाशी बसूनच एकदा मान हलवली. ऐकलं, एवढाच त्याचा अर्थ.

हुद्दार निघाले, तेव्हा वाटेत हौसाबाई उभी होती. डोक्यावर भाकरीची पाटी. तिनं पाटी उतरवून कुंपणाच्या मेढीला टेकवली आणि ती त्यांच्या समोर येऊन थांबली. आजवर तिनं त्यांचा फक्त आवाज ऐकला होता. आता ती बघत होती. कपाळ, चष्मा, गालावरचा तीळ, एकेक करून, घाई न करता, बाजारात पारखून घ्यावं तसं. तीस वर्षं हुद्दार लोकांच्या डोळ्यांत बघत आले होते. कुणी आपल्याकडे असं बघत राहिलं तर नजर कुठं ठेवायची हे त्यांना माहीत नव्हतं. मान खाली घालावीशी वाटत होती. त्यांनी ती घातली नाही. निदान एवढं बघून घेण्याचा तिचा हक्क होता.

"तुमीच व्हय," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"बसा म्हणायची न्हाई मी तुम्हांस्नी." तिनं पाटी उचलून डोक्यावर घेतली, दोन पावलं गेली आणि मागे न वळता म्हणाली, "पर असं उनात उभं ऱ्हाऊ नगा."

ती गुऱ्हाळाकडे गेली. हुद्दार आणखी थोडा वेळ तिथेच, उन्हातच उभे राहिले.